शिंपिणीचा खोकला

“आधी खोकला, मग कात्री! हे ज्याला कळलं नाही त्याने शिंपीण पाहिलीच नाही,” कावूया म्हणाला आणि त्याने नामातोवूच्या तव्याशेजारच्या फळीवर अशी मूठ आपटली की अंड्यांची चळत हलली.

“फळी माझी आहे, तुझ्या बापाची नाही,” नामातोवू म्हणाली. “एक जरी अंडं फुटलं ना, तर कच्चंच तुझ्या घशात ओतीन.”

“माफ करा न्याबो, बाईसाहेब. पण या कातेरेगाला काहीतरी सांगा की! सिनेमाचे तीन भाग येऊन गेले तरी याची अक्कल पहिल्याच भागात अडकलीये.”

कातेरेगा मोबाइल दुरुस्त करायचा आणि वाद घालताना स्क्रू-ड्रायव्हर नाचवायचा. तो म्हणाला, “पहिल्या भागात ती खोकते? नाही. दुसऱ्यात? नाही. तिसऱ्यात एकाएकी खोकायला लागली. म्हणजे ती शिंपीण नव्हेच! ती तिची बहीण. राजधानीतल्या व्हीजेने तिसरा भाग केलाय, त्यात तो साफ सांगतो, ही बहीण आहे म्हणून.”

“राजधानीतल्याला काय कळतंय? अरे, बाई कापसाच्या गिरणीत मेली. छातीत कापूस भरलाय तिच्या. पहिल्या दोन भागांत ती नुकतीच मेलेली. कापूस आत बसायला वेळ लागतो की नाही? तिसऱ्यात तो वर येतो.” आणि कावूयाने छातीवर हात ठेवून, मान खाली घालून, शिंपिणीसारखं खोकून दाखवलं. आधी दोन कोरडे ठसके, मग एक लांब, ओढलेला, खरखरीत.

बोडा-बोडांवर, भाड्याच्या मोटरसायकलींवर, बसलेली पोरं टाळ्या वाजवून हसली. कावूयाचा हा खोकला सगळ्या न्येंडो वस्तीत प्रसिद्ध होता. गिऱ्हाईक मोटरसायकलवरून उतरायला तयार नसलं की तो म्हणे त्याच्या कानाशी असा खोकायचा.

नामातोवूने चपाती उलटली. तव्यावर जळकट वास सुटला तेव्हा तिला कळलं की आपण ती दोनदा उलटलीये.

शिंपीण म्हणजे कुठल्याशा पूर्वेकडच्या देशातला भुताचा सिनेमा. गिरणीत जळून मेलेली बाई कात्री घेऊन परत येते आणि मुकादमापासून मालकापर्यंत एकेकाला गाठते. तिथली भाषा न्येंडोत कुणाला कळत नव्हती आणि कळून काही करायचंही नव्हतं. पहिले तिन्ही भाग व्हीजे लुयिमाने सांगितले होते. पडद्यावरची माणसं बोलायची आणि लुयिमा माइकपुढे बसून ते इथल्या लुगांडा भाषेत सांगायचा. सांगता सांगता शिंपिणीला तो एक सवत द्यायचा, मुकादमाला बाजारातल्या वसुलीवाल्याचं नाव द्यायचा, आणि पोलीस उशिरा आले की “आले बघा जावई!” म्हणायचा. त्याचा आवाज सिनेमावर चढवून हाजी सेबुन्या आपल्या पत्र्याच्या हॉलमध्ये खेळ लावायचा आणि सिनेमाच्या चकत्या, सीड्या, विकायचाही. सिनेमा कुणी काढला हे लोक विचारत नसत. कुणाच्या आवाजातला, एवढंच विचारत.

लुयिमा नामातोवूचा नवरा. तिसरा भाग बाजारात आला आणि काही महिन्यांत तो गेला. छातीनेच गेला.

तेव्हा तो खोकला कुणाचा होता, हे वेगळं सांगायला नको. पण ती आणि हाजी सोडले तर न्येंडोत ते कुणालाच माहीत नव्हतं. लुयिमा आजारी होता हे माहीत होतं, त्याच्या मयताला सगळे आले होते, रडले होते. पण सिनेमातला खोकला त्याचा असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. इतका तो बरोबर जागी पडला होता. बाई दाराआड उभी, कात्री वर उचललेली, आणि ठसका! लोकांनी तो भुताला देऊन टाकला.

नामातोवूने दोन वर्षं तोंड शिवून घेतलं होतं. भुताच्या नावावर का होईना, माणसाचं काहीतरी मागे राहिलंय, अशी स्वतःची समजूत घालत होती. खोटं कशाला बोला, मनातून ती रोज जळत होती. कारण लुयिमाला त्या खोकल्याची लाज वाटायची. गिरजाघरातल्या गायकांत वाढलेला माणूस, आवाज म्हणजे त्याचं सर्वस्व. ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा तो घाम पुसत हाजीकडे गेला होता, सोबत ती होती. “हाजी, एक आठवडा द्या. डॉक्टर आधीपासून सांगतोय, काही दिवस बोलू नको. थोडा बरा झालो की पुन्हा करतो, फुकट करतो.” हाजीने भिंतीवरचं पोस्टर दाखवलं होतं. ख्रिसमसची तारीख लागलीये, म्हणाला. लोक सिनेमा बघतात रे, तुझा घसा नाही बघत.

तरी लुयिमाने तो भाग पुन्हा केलाच. घरी, मागून आणलेल्या यंत्रावर, सकाळी रस्ता जागा व्हायच्या आत. खोकला येतोय असं वाटलं की तो हात वर करायचा आणि नामातोवू बटण दाबून यंत्र थांबवायची. खोकून झालं की पाणी प्यायचा, तोंड पुसायचा, पुन्हा हात खाली. एका एका वाक्याला असे किती हात वर गेले! पण शेवटी चकती झाली. तीत एकही ठसका नव्हता. ती घेऊन गेला तर हाजी म्हणाला, “आता कशाला? लोकांना खोकल्याचीच आवडलीये.” ती चकती घरी आली ती तशीच राहिली, आणि माणूस निघून गेला.

हॉलमध्ये आज चौथा भाग लागला होता. नवा व्हीजे, कोवळा, घाईघाईने बोलणारा. कावूया-कातेरेगा भांडत भांडत आत गेले. नामातोवूचा तवा हॉलच्या पत्र्याला टेकूनच असायचा, त्यामुळे तिला आतलं सगळं ऐकू यायचं.

थोड्या वेळाने आत एकदम शांतता पसरली. आणि मग नव्या व्हीजेच्या आवाजात तोच खोकला आला. आधी दोन कोरडे ठसके. मग एक लांब, ओढलेला, खरखरीत.

हॉल आनंदाने किंचाळला.

पोराने तो पाठ केला होता! कुठे श्वास तुटतो, कुठे घसा घासतो, सगळं गिरवून गिरवून. जो खोकला आवरता आवरता लुयिमाच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तो या निरोगी पोराने मजा म्हणून काढला होता आणि लोक त्याला शिट्ट्या वाजवत होते.

नामातोवूने शेगडीतले कोळसे तसेच सोडले. हात पुसले नाहीत. पडदा बाजूला सारून ती आत शिरली, बाकांमधून वाट काढत थेट पुढे गेली आणि प्रोजेक्टरच्या उजेडात उभी राहिली. शिंपिणीचं तोंड तिच्या पोटावर पडलं.

“बंद कर रे ते!”

“ए बाई, बाजूला हो!”

“कात्रीचा सीन आहे, न्याबो, मग या!”

“बंद कर म्हणते ना!” ती ओरडली. “कुणाचा खोकला आहे तो? सांगा ना! एवढे वाद घालता, बहीण की सवत, कापूस की धूर! कुणाचा आहे?”

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “शिंपिणीचा.”

“माझ्या नवऱ्याचा आहे! मरत होता तो! डॉक्टरने बोलू नको म्हटलेलं असताना इथे माइकपुढे बसवला होता त्याला. रक्त पुसत होते मी त्याच्या तोंडाचं. आणि तुम्ही दोन वर्षं माझ्या तव्यापुढे बसून त्याची नक्कल करता आणि वर अंडं-चपातीचा रोलेक्स मागता, अंडं जरा जास्त घाला म्हणून!”

प्रोजेक्टर चालूच होता, पण आवाज कुणीतरी बंद केला होता. हाजी सेबुन्या टोपी सावरत पुढे आला. “न्याबो, चला, बाहेर बसून बोलू. लोकांनी पैसे दिलेत.”

“बाहेर नाही. हाजी, इथेच सांगा. एक आठवडा मागितला होता की नाही त्याने?”

हाजीने इकडेतिकडे पाहिलं. सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. “मागितला होता,” तो म्हणाला. “पण धंद्यात तारीख…”

“पुरे. माझ्याकडे त्याची दुसरी चकती आहे. साफ आवाजातली. या सगळ्यांनी ती ऐकायची. आज.”

“बान्नांगे, अरे लोकहो!” कातेरेगा उभाच राहिला. “तिसऱ्याची दुसरी आवृत्ती आहे? आणि आम्हाला माहीत नाही?”

“तू खाली बस,” नामातोवू म्हणाली.

चौथा भाग अर्धाच राहिला. काही जण पैसे परत मागत निघून गेले, हाजीने दात ओठ खात दिले. नामातोवू घरी जाऊन चकती घेऊन आली आणि स्वतः हाताने यंत्रात घातली.

“नमस्कार मंडळी, मी व्हीजे लुयिमा,” पत्र्याच्या त्या हॉलभर आवाज पसरला. भरदार, मोकळा, जसा ती त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा होता. नामातोवू मागच्या भिंतीला टेकली.

शिंपीण दाराआड आली. कात्री वर गेली. पडद्यातून काही आवाज आला नाही. आणि तेव्हा त्या हॉलने काय करावं? अर्धा हॉल, नेहमीच्या सवयीने, एकसाथ खोकला. दोन कोरडे ठसके आणि एक लांब. मग हसू.

नामातोवूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सांगूनही! हीच माणसं मयताला आली होती, केळीच्या पानावर जेवली होती. तिला वाटलं, चकती काढावी, मोडावी आणि शेगडीत टाकावी. ती दोन पावलं पुढे गेलीही.

दुसऱ्यांदा कात्री वर गेली. पुन्हा खोकले आले, पण कमी, इकडून तिकडून.

“गप बसा रे!” कावूया उठून मागे वळला होता. त्याचा आवाज फाटला होता. “जो खोकेल त्याला उचलून बाहेर टाकीन. मी पण खोकलोय, दोन वर्षं. आता बास!”

तिसऱ्यांदा कुणी खोकलं नाही. पंख्याची घरघर तेवढी होती. लुयिमा पडद्यामागून सावकाश म्हणाला, “बघा तिचा हात कसा थरथरतोय. मारायला आलेल्या बाईचा हात थरथरतो, मंडळी. मुकादमाचा कधी थरथरला नव्हता.” जुन्या चकतीत हे वाक्य नव्हतं. तिथे खोकल्याने ते गिळलं होतं. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने नाक ओढलं. कातेरेगाचा स्क्रू-ड्रायव्हर मांडीवर पडून राहिला होता.

सिनेमा संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक गुपचूप बाहेर पडले. कावूया तिच्यासमोर येऊन थांबला, मान लववली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामातोवू शेगडी पेटवायला आली तर हॉलच्या दाराशी नवा फळा उभा होता. खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘शिंपीण, भाग तिसरा. व्हीजे लुयिमा. खोकल्याविना! फक्त आमच्याकडे!’ हाजी शेजारी खुर्ची टाकून चहा पीत होता आणि अगदी खुशीत दिसत होता.

“बघा न्याबो, तुमची चकती यंत्रातच राहिली होती, रात्रीच तिच्या नकला काढल्या. तुमच्या माणसाचं नाव मोठं केलं की नाही? संध्याकाळचा खेळ आत्ताच भरलाय. वर जुनीपण विकतोय. ज्याला खोकला हवा त्याला खोकला, ज्याला नको त्याला ही. दोन्ही घेणारे आहेत.”

नामातोवूच्या तोंडात शिव्या आल्या होत्या, आणि त्या साध्या नव्हत्या. तिने त्या गिळल्या. पिठाचं फडकं बादलीत बुचकळलं, पिळलं आणि ती फळ्यापाशी गेली.

“अहो, काय करताय? धंदा आहे हा!”

तिने ‘खोकल्याविना’ पुसलं. मग ‘फक्त आमच्याकडे’ पुसलं. तिने फडक्याची घडी बदलली आणि नावाला धक्का लागणार नाही अशा बेताने कडा पुसून घेतल्या. हाजी खुर्चीतून अर्धा उठला होता, पण तिच्याकडे बघून पुन्हा बसला.

ती परत तव्याकडे आली आणि पहिली चपाती लाटायला घेतली. फळा वाळत होता. त्यावर सिनेमाचं नाव होतं आणि खाली व्हीजे लुयिमा एवढंच.