धुळाजीची वेसण

दोरी स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिल्याशिवाय धुळाजीने आजवर कुणाला बांधले नव्हते. कुसळ टोचले, की पीळ उलगडून पुन्हा घालायचा. हसनाबादेत गोऱ्ह्याचे नाक टोचून वेसण घालावी ती त्यानेच. पोरगे हाताबाहेर गेले, की आयाबायाही म्हणत, धुळाजीला बोलवा, याला वेसण घालायला. आजची दोरी मात्र त्याच्या बायकोसाठी, गोपिकाबाईसाठी होती.

दोन वर्षांत तिला सगळ्याचा विसर पडला होता. दिवसभर कुठेतरी निघायची. धुळाजीचे गुडघे गेलेले, काल त्याचा जरा डोळा लागला आणि ती थेट विहिरीच्या काठाशी गेली. मुलाने, सुग्रीवने, तिला ओढून आणले. आज सकाळी तो आणि सून मोनिका कापूस वेचायला निघाले, तेव्हा बापाकडे न बघताच तो बोलला.

"आबा, आमी येईस्तोवर बांधून ठिवा तिला. मला का बरं वाटून राह्यलं? पण रोज घरी बसलो तर खायाचं काय?"

पोराचेही काही चुकत नव्हते.

तिच्याच जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची त्याने दोरी वळली आणि गालावरून फिरवली. मऊ होती. एक टोक ओसरीच्या खांबाला बांधून, दुसरे घेऊन तो तिच्या पायाशी बसला.

चाळीस वर्षे नाके त्याने टोचली, पण गोऱ्ह्याचे डोके धरायची ती. तिचा हात मानेवर पडला, की उधळलेला जीवही थंड व्हायचा. लोक चेष्टा करत, गावाला वेसण घालतो धुळाजी, पण त्याची वेसण गोपिकाबाईच्या हातात. त्यात खोटे काही नव्हते.

आज त्याच्या हातून गाठच बसेना. तेवढ्यात मानेवर हात पडला. गोपिकाबाई वाकून त्याची मान कुरवाळत होती.

"झालं, झालं रे लेकरा," ती म्हणाली. "बिलकुल दुखायचं न्हाई."

धुळाजीला रडू आवरले नाही.

थोड्या वेळाने ती उठली आणि वाटेला लागली. धुळाजीने काठी घेतली. गुडघे ठणकत होते. पण त्याचे वाडवडील जन्मभर मेंढरांमागेच चालले होते. दोरी खांबालाच राहिली. तिच्या ज्या अंगाला विहीर होती, त्या अंगाला तो झाला, आणि ती नेईल तिकडे चालू लागला.