पाहुण्या जहाजांची उशी

मी एक जुनी उशी आहे. पण मित्रांनो, माझ्यावर डोकं टेकवायचा विचारही मनात आणू नका. माझ्या अंगाला डांबराचा वास येतो, आणि दोन माणसांनी हात पसरले तरी मी कवेत मावत नाही. मी दोरखंडांची विणलेली उशी आहे. शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीच्या धक्क्यावर मी साखळीनं टांगलेली असते. जहाज धक्क्याला लागताना त्याची कूस दगडावर घासू नये म्हणून मध्ये मी. नावाजलेलं जहाज आलं की सगळं शहर माना वर करून डोलकाठ्या आणि झेंडे बघतं. मी मात्र खाली चेपलेली. इतकी नामवंत जहाजं आली, पण मी एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. मी सगळ्यांना कुशीवरून ओळखते.

मला विणलं दोरवाल्या मावशीनं. धक्क्यामागच्या बोळात तिची पत्र्याची शेड होती. आमच्याकडे एक रीत होती. मोठं जहाज पाहुणं म्हणून आलं, की जाताना त्यानं आपला एक झिजलेला दोर मावशीला द्यायचा, आणि मावशीनं तो माझ्या अंगात विणायचा. "घे गं, पाहुण्यांनी आहेर ठेवलाय," असं म्हणून ती मला थोपटायची. एका राजघराण्याची सहलीची नौका आली होती, तिचा दोर इतका मऊ की मला गुदगुल्या झाल्या. बर्फाच्या समुद्रात जाऊन आलेल्या जहाजाचा दोर असा ताठ, की मावशीच्या सुया वाकल्या. आजाऱ्यांवर उपचार करत फिरणारं जहाज आलं, त्याच्या दोराला अजून फिनेलचा वास येतो. अशी मी पाहुण्यांच्या जिवावर गुटगुटीत झाले.

मग एकदा तीन डोलकाठ्यांचं पांढरं जहाज आलं. त्याचा दोर घेऊन शिडं शिवणारा माणूस स्वतः मावशीकडे आला आणि उंबऱ्यावर बसून त्यानं दोराच्या टोकाला फास विणून दिला. दोराचे पेड सुटे करून पुन्हा दोरातच गुंफायचे, असं ते काम असतं.

मावशी म्हणाली, "अरे, हे काय उलटंच विणलंस?"

"डावखुरा आहे मी, मावशी. हात तिकडेच वळतो," तो हसत म्हणाला. "घरी लेक आहे, आताशी बसायला लागलीय. तीही चमचा डाव्या हातातच धरते. तिची आजी तो काढून उजव्या हातात देते. आजीची पाठ वळली, की मी परत डाव्यात देतो."

मावशीला हसू आवरेना. "राहू दे, हा फास मी सोडवत नाही. अख्खाच हिच्या पोटात घालते," ती म्हणाली, आणि तसंच केलं.

पुढच्या हिवाळ्यात बातमी आली, की पांढरं जहाज वादळात बुडालं. शिडं शिवणारा घरी परतला नाही. मावशी कितीतरी वेळ माझ्यावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "ती पोर मोठी होईल. कधीतरी या नदीवर येईल. तिला बापाच्या हातचं काम दाखवायचंय. तोवर तू ते सांभाळ, मी तुला सांभाळते."

मी सांभाळलं. वर्षं गेली. जिथं मी फाटले तिथं मावशीनं मला शिवलं. मग रबराच्या काळ्याभोर, गुळगुळीत उशा आल्या आणि मी गोदामात अडगळीत पडले. उंदरांनी माझ्यात संसार थाटला. मावशीची शेडही गेली. ती रोज गोदामाच्या दाराशी स्टूल टाकून बसायची.

धक्क्याचा नवा मुकादम तसा भला माणूस. तो म्हणाला, "मावशी, जागा अडतेय. उद्या भंगारवाला येतोय."

"नाही द्यायची. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"हिला," मावशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. मुकादमानं डोकं खाजवलं आणि तो निघून गेला. पण भंगारवाल्याला त्यानं नको म्हणून कळवलं नाही. मला स्वतःसाठी भीती नव्हती. पोटातल्या त्या फासाचं काय होणार, या काळजीनं माझा जीव टांगणीला लागला होता.

त्याच दिवशी धक्क्याला एक हिरवं शिडाचं जहाज लागलं होतं. त्याच्या म्हाताऱ्या कप्तानाला आमची रीत आठवत होती. संध्याकाळी त्यानं पाठवलेली एक तरुण मुलगी खांद्यावर दोर टाकून गोदामाशी आली. मावशीच्या हातात दोर देताना तिनं त्याचं टोक आत दुमडलं. मावशीची नजर आता अधू झाली होती, पण बोटं अजून तरबेज होती. तिनं टोक चाचपलं.

"हा फास कुणी विणला?"

"मी," मुलगी ओशाळून म्हणाली. "उलटा झालाय, ठाऊक आहे. जहाजावर रोज बोलणी खाते. काय करू, हात तिकडेच वळतो."

मावशीचा आवाज बदलला. "वडील काय करायचे तुझे?"

"शिडं शिवायचे, पांढऱ्या जहाजावर. मला आठवत नाहीत ते. त्यांची एकही वस्तू नाही आमच्याकडे."

मावशी उठली. तिनं सुरी घेतली आणि मला पोटावर उसवलं. तिनं माझ्यावर आजवर कधी सुरी धरली नव्हती. पण मित्रांनो, त्या घडीला मला वाटलं, हवं तेवढं काप. बाहेरून मी काळीठिक्कर झाले होते, आत मात्र तो फास ऊन न लागल्यामुळे सोनेरी राहिला होता. मुलीनं आपला फास त्याच्या शेजारी धरला. दोन्ही एकाच हातचे वाटावेत असे होते.

"म्हणजे मी चुकत नव्हते," ती हळूच म्हणाली. मावशीनं तिला चमच्याची गोष्ट सांगितली, तेव्हा ती हसली आणि मग खूप रडली.

"घेऊन जा बाळ. तुझंच आहे हे."

तिनं फासावरून बोटं फिरवली. "घरी नेऊन खिळ्याला टांगू? इतकी वर्षं बाबा इथं कामावर आहेत, मावशी. त्यांना कामावरच राहू द्या."

तिनं आपल्या दोराचा फास सोडवला, दोराचं टोक बापाच्या फासातून ओवलं आणि डाव्या हातानं पुन्हा विणलं. दोन्ही फास एकमेकांत अडकले. मावशीनं ते माझ्या पोटात घालून मला शिवून टाकलं. मुकादम दारात उभा राहून सगळं बघत होता. तो गेला, आणि थोड्या वेळानं माझ्या जुन्या साखळीला तेल लावून घेऊन आला.

सकाळी मी पुन्हा धक्क्यावर टांगलेली होते. हिरवं जहाज निघताना जरा माझ्यावर रेललं, तेव्हा दोन्ही फास पोटात घट्ट आवळले गेले. मला विणणारी, शिवणारी, टांगणारी माणसं भेटली, याहून मला काय हवं? मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती कुणाच्या हातची आहे, एवढं विचारत जा. आणि घरातल्या लहानग्यानं चमचा डाव्या हातात धरला, तर तो काढून घेऊ नका.