टोपीबाहेरचा लाल

पक्षाघातानंतर आमच्या मानोयचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, उजवा हात मांडीवर नुसता पडून असे. परक्याने सांभाळायला देऊन विसरलेल्या सामानासारखा. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, पहिले काही महिनेच कामाचे. रोज तासभर काहीतरी काढा, नाहीतर हात असाच राहील. गोल गिरवायला कागदही दिले. मानोयने ते डाव्या हाताने, अगदी सफाईने, चुलीत घातले.

"मग तिबोय काढ," मी म्हणालो.

तिबोय हा आमच्या लहानपणच्या चित्रकथांमधला अनवाणी पोस्टमन. लाल टोपी, बटाट्यासारखं नाक, आणि प्रत्येक पत्र चुकीच्या घरी. शेजारच्या तिया चारिंगच्या, म्हणजे चारिंग मावशीच्या, दुकानात अंक दोरीला टांगलेले असत. नाणं द्यायचं, बाकावर बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. नाणं एकट्या मानोयकडे असे. तो वाचून यायचा आणि आम्हा चौघा भावंडांना नदीकाठच्या वाळूत अख्खा अंक काढून दाखवायचा, मारामारीची पानं थोडी वाढवून.

"तिबोयनं माझं काय वाईट केलंय, या हातानं त्याची वाट लावायला?" मानोय म्हणाला.

म्हणून मीच काढायला बसलो. मी तीस वर्षं इतिहास शिकवला. फळ्यावरच्या माझ्या जहाजाला मुलं डुक्कर समजत. माझा तिबोय पाहून वहिनी, मानाय लुडी, म्हणाली, "हे आपले मेयर का?"

मानोयने दोन मिनिटं सहन केलं. "नाक वर घे. अजून. अरे, ते कपाळ झालं. आण इकडे."

त्याने डावा हात पुढे केला. मानाय लुडीने पेन उजव्यात खोचलं आणि भात बघायला निघून गेली.

बाह्यरेषा कशीबशी जमली. लाल रंग मात्र टोपी सोडून कानावर सांडला. मानोयने पेन खाली टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी पडलेलं पेन उचललं.

तेवढ्यात तिया चारिंग नारळाच्या दुधातलं अळू घेऊन आली. ऐंशी उलटलेली, पण चष्मा नाही. तिने कागद उचलला.

"अगदी हाच की रे तिबोय. त्याची लाली नेहमी अशीच बाहेर लोंबायची."

खरंच होतं. छापताना रंग एकीकडे सरकायचे. आमच्या अख्ख्या गावाच्या आठवणीत तिबोयची टोपी डोक्याच्या शेजारी होती. मी म्हणालो, "बघ मानोय, हुबेहूब."

"हुबेहूब काय? तो छापखान्याचा गाढवपणा होता," मानोय भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "वाळूत काढताना मी टोपी नीट डोक्यावर बसवायचो. तुम्ही कुणी बघितलंत का कधी?"

"वाळूत लाल रंग कुठला, मानोय?"

"मनात होता. कोरा कागद दे."

दुसरा बिघडला. तिसऱ्यात टोपी निम्मी डोक्यावर आली, पण पाय एकच झाला आणि पेन बोटांतून निसटायला लागलं. तास केव्हाच उलटला होता. मी म्हणालो, "जेवून घे, उरलेला उद्या काढ."

"एका पायाचा पोस्टमन," मानोय मान वर न करता म्हणाला, "रात्रभर उभा राहील का? थांब जरा."

आत भात निवत होता. मानाय लुडी दारात येऊन उभी राहिली, त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि हाक न मारताच परत गेली.