तंगाचं चौथं भोक

गेले दोन महिने ती जमिनीवर उभी राहून घोडेस्वारी शिकवत होती.

तसं पाहिलं तर त्यात कुणाला खटकण्यासारखं काही नव्हतं. शिकवणाऱ्याने मैदानाच्या मधोमध उभं राहावं, शिकणाऱ्यांनी भोवती गोल फिरावं, हीच जगभरची रीत. पण ती बावीस वर्षं शिकवत होती आणि ती सगळीच्या सगळी घोड्यावर बसून. शिकणाऱ्याच्या शेजारून तिची घोडी चालायची आणि ती वरून सांगायची, “टाच खाली. नजर कानांमधून पुढे. हाताकडे काय बघताय, हात पळून नाही जात.” आता तेच शब्द ती खालून बोलत होती आणि ते पोकळ वाटत होते.

आधी कारण खरं होतं. पडून गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दीड महिन्याने हाड जुळलं, डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि म्हणाले, “आता काय हवं ते करा.” त्यानंतर तिने बूट शिवायला टाकले. बूट आले, तर कंबर धरली. कंबर सुटली, तेव्हा ऊन फार होतं.

“मॅडम, आज कंबर कशी आहे?” दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. पन्नाशीचे गृहस्थ, गेल्या वर्षी हौसेने शिकायला लागले होते आणि अजून घोडा शिंकला तरी दचकायचे.

“बरी आहे.”

“नाही, माझ्याकडे लोक येतात ना, त्यांचं असंच असतं. आठ दिवस दाढ ठणकते आणि माझ्या दाराशी आलं की एकदम राहते.”

ती हसली. डॉक्टरांनी चेष्टाच केली होती, पण रात्री जेवताना ती आठवली आणि घास घोळत राहिला.

घरात तेव्हा तिघंच उरली होती. आई, ती आणि धाकटा भाऊ. बाबांना जाऊन तीन महिने होत आले होते. घोड्यांची ही शाळा बाबांची. सहा घोडी, एक लांबट तबेला, कुंपण घातलेलं मैदान आणि खोगिरांची खोली. धाकट्याचं छपाईचं दुकान होतं. घोड्यांशी त्याने बाराव्या वर्षीच कायमची कट्टी घेतली होती. तरी बाबा गेल्यापासून दाण्याची, चाऱ्याची व्यवस्था तोच बघायचा, आणि बऱ्यापैकी बघायचा.

“ताई, मिरीचं ठरलं,” तो पोळी मोडत म्हणाला. “समुद्राकाठी घोडागाडी चालवणारा तो माणूस शनिवारी येतोय. घेऊन जाईल.”

मिरी म्हणजे बाबांची घोडी; शिकवताना ती बसायची तीही हिच्यावरच. करड्या अंगावर काळे ठिपके, म्हणून मिरी.

“गाडीला जुंपणार तिला?”

“मग काय कपाटात ठेवणार? जी तुला आपटते, ती उद्या कुणाच्या पोराला आपटेल. तेव्हा काय तोंड दाखवायचं?”

“ती नऊ वर्षांची आहे. आजवर कुणाला पाडलं नाही तिने.”

“तुला पाडलं ना? तुला! आता बाकीच्यांचं काय सांगतेस.”

आईने भात वाढायचा हात थांबवला. “जाऊ दे गं तिला. घरातलं एक माणूस कमी झालंय, तेवढं पुरे आहे.”

त्यावर बोलण्यासारखं एकच वाक्य होतं. ते तिच्या ओठांवर आलं, आणि त्यावर ती पाणी प्यायली.

घोडीवर खोगीर चढवतात, ते पोटाखालून आवळलेल्या पट्ट्यावर टिकतं. तो तंग. घोडी मोठी बेरकी असतात; तंग आवळताना पोट फुगवून उभी राहतात. तुम्हाला वाटतं घट्ट बसला. दहा पावलं चालली की श्वास सोडतात आणि तोच तंग लोंबायला लागतो. म्हणून बसल्यावर, दहा पावलं झाली की पुन्हा एक भोक आवळायचं असतं. पाय पुढे घ्यायचा, मांडीखालचं खोगिराचं चामडं उचलायचं, पट्टा ओढायचा. पहिल्या दिवशीचा पहिला धडा हाच. बावीस वर्षांत तिने तो किती जणांकडून घोकून घेतला असेल, देव जाणे.

तिने स्वतः मात्र तो कधी केला नव्हता.

तिच्या सातव्या वर्षापासून तिचा तंग बाबा आवळत. ती बसली, चार पावलं चालली की ते कुठूनसे यायचे. तिने डावा पाय पुढे घ्यायचा, त्यांनी चामडं उचलून पट्टा तिसऱ्या भोकातून चौथ्यात घ्यायचा, मग घोडीच्या मानेवर थाप मारून म्हणायचं, “जा.” तिच्याशी बोलत नसत. तीही त्यांच्या डोक्यावरून शिष्यांशी बोलत असायची. ती तिशीची झाली, चाळिशीची झाली, तिच्या हाताखालची मुलं बक्षिसं घेऊन आली, तरी हे चालूच. श्वास घ्यावा तसं. श्वास कोण मोजतं?

बाबा गेल्यावर बाविसाव्या दिवशी ती पहिल्यांदा मिरीवर बसली. चार पावलं गेली. कुणाला तरी “लगाम सैल सोड” असं सांगता सांगता तिने डावा पाय पुढे घेतला आणि थांबली. थोडा वेळ गेला. मग पाय मागे घेतला आणि निघाली. मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर, दुडकीत वळताना, खोगीर तिच्यासकट फिरून घोडीच्या पोटाखाली गेलं.

दवाखान्यात शुद्ध नीट आली तेव्हा लोक म्हणत होते, घोडी उधळली. तिने ऐकून घेतलं. नाही म्हटलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. आपण पाय पुढे घेऊन कुणासाठी थांबलो होतो, ते. आणि ते आईसमोर, धाकट्यासमोर तोंडातून काढणं तिला जमेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता मिरीवरचा आळ मुरत गेला.

खरा त्रास वेगळाच होता. घोडीच वाईट असती तर दुसऱ्या घोड्यावर बसता आलं असतं. मागच्या आठवड्यात एका सकाळी कुणी नसताना तिने म्हाताऱ्यावर खोगीर घातलं होतं. म्हातारा म्हणजे असा घोडा, की त्याच्या पाठीवर पाच वर्षांची मुलं डुलक्या काढतात. तिने रिकिबीत पाय घातला. गुडघा लटलटायला लागला. म्हाताऱ्याने मान वळवून बघितलं, जणू म्हणत होता, बाई, चढताय की नुसतं मोजमाप घेताय? तिने पाय काढून घेतला. विश्वास उडाला होता तो घोड्यावरचा नव्हताच. जिला पहिला धडा येत नाही, तिला पुढचं काय येत असेल? इतकी वर्षं जी पक्की मांड लोक वाखाणत होते, ती तिची होती की खाली उभ्या असलेल्या माणसाची?

शुक्रवारी सकाळी नालबंद आला. बाबांच्याच वयाचा, त्यांच्याशी चाळीस वर्षं भांडत आलेला. नाल ठोकायला आला की दोघं चहा घेत एकमेकांची अक्कल काढायचे. आज त्याने पेटी उतरवली, मिरीचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि जुना नाल काढायला लागला. ती घोडीचं डोकं धरून उभी होती.

“डांबरी रस्त्यावर चालायचं आता हिला,” तो खुराशीच बोलत म्हणाला. “जाड नाल ठोकतो.”

“हं.”

“गाडीवाल्याचा हात कसा आहे, माहीत आहे का?”

“नाही, काका.”

“मला आहे.”

कानशीचा आवाज बराच वेळ चालला. मिरीने नाक तिच्या बाहीत खुपसलं. बाबा खिशात गूळ ठेवत. ती अजून सगळ्यांच्या बाह्या तपासायची.

“तिसऱ्या भोकात होतं,” नालबंद मध्येच म्हणाला.

“काय?”

“बक्कल. त्या दिवशी मी नव्हतो का इथे? तुला उचलून नेलं सगळ्यांनी. घोडीच्या पोटाखालचं खोगीर कुणी काढलं? मी काढलं. बिचारी चारी पाय रोवून उभी होती, थरथरत. एक पाऊल टाकलं नाही तिने, तुझा पाय अडकलेला होता म्हणून. उधळली म्हणे!” तो पचकन बाजूला थुंकला. “तंग तिसऱ्या भोकात होता. चौथं भोक रुंदावून गोल झालंय त्या पट्ट्याचं, इतकी वर्षं तिथेच बसायचा तो.”

तिने दोर हाताला गुंडाळून घेतला. “मग तुम्ही बोलला का नाही?”

“मी का बोलू? मला वाटलं, तू बोलशील. आज बोलेल, उद्या बोलेल.” त्याने पहिल्यांदा मान वर केली. “घोडी तुझ्या बापाची आहे, पोरी. माझी नाही.”

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

“पातळ नाल ठोका,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मातीवर चालण्याचे. नेहमीचे.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, जाड नाल पेटीत टाकले आणि दुसरे काढले.

नाल ठोकून होईपर्यंत तिने खोगीर आणलं होतं. तंग आवळला, तिसऱ्या भोकात. मिरीने नेहमीसारखं पोट फुगवलं. रिकिबीत पाय घालताना गुडघा मागच्या आठवड्यासारखाच लटलटला. काही बदललं नव्हतं. तिने तशीच वर उडी घेतली. बसली खरी, पण मांड धरेना. बाजारातून आणलेल्या पोत्यासारखी बसली. चार पावलं. पाच. सहा.

डावा पाय आपोआप पुढे गेला.

नालबंद हात पुसत जवळ आला. “आण, मी ओढतो.”

क्षणभर तिला वाटलं, ओढू द्यावं. हात म्हातारा होता, काळा होता, चामड्याचा वास येत होता त्याला. डोळे मिटले असते तर चाललं असतं.

“नको, काका.”

ती वाकली. वरून हे असं दिसतं हे तिला ठाऊकच नव्हतं. पट्टा उलटा दिसतो, बक्कल बोटांना सापडत नाही. जुळलेलं हाड ठसठसलं. पहिल्यांदा पट्टा निसटला. दुसऱ्यांदा निसटला. तिसऱ्या खेपेला बक्कलाची पिन त्या रुंदावलेल्या भोकात गेली.

त्याच वेळी धाकटा फाटकातून आत येत होता. तिला घोडीवर पाहून धावलाच. “अगं ए! वेड लागलंय का तुला? उतर आधी! काका, तुम्ही बघत काय राहिलात?”

“मिरीने मला पाडलं नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“तंग सैल होता. मी आवळला नव्हता.”

“तू?” तो हसायलाच लागला, मग थांबला. “तू तर मुलांना उठता बसता तेच…”

“माझा तंग बाबा आवळायचे. रोज. त्या दिवशी मी पाय पुढे घेऊन थांबले होते.”

एवढंच ती बोलली. पुढचं त्याला आपणच कळलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला आणि तो कुंपणाचा लाकडी दांडा धरून उभा राहिला. मग म्हणाला, “दोन महिने, ताई. दोन महिने मी त्या मुक्या जनावराला शिव्या घातल्या. अर्धा दाणा तोडला तिचा.”

“हो.”

“आईला कोण सांगणार?”

“मी.”

तो मान खाली घालून बुटाने माती उकरत राहिला. मग त्याचा आवाज लहान मुलासारखा निघाला. “माझा नाही कधी आवळला त्यांनी. मी लहान असताना मला म्हणायचे, तुझा तू आवळ.”

तिला इतकी वर्षं ते दिसलंच नव्हतं. घोडीवरून त्याची केस विरळ झालेली टाळू तिला दिसत होती, अगदी बाबांसारखी.

“गाडीवाल्याला काय सांगू?” त्याने विचारलं.

“शिकवणारी चुकली होती म्हणावं. घोडी द्यायची नाही.”

“शाळेचं नाव जाईल.”

“जाऊ दे.”

शनिवारी दातांचे डॉक्टर आले आणि बाकीचेही चौघं आले. तिने सगळ्यांना तबेल्यापाशी उभं करून जे झालं ते सांगितलं, तंगाचं, तिसऱ्या भोकाचं, नंतर बसलेल्या भीतीचं. पाय पुढे घेऊन थांबल्याचं सांगितलं नाही; ते घरातच राहिलं. एका बाईंनी पुढच्या आठवड्यापासून मुलीला पाठवणार नाही असं नम्रपणे कळवलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “मॅडम, म्हणजे मीच काय तो भित्रा नाही तर.”

“नाही.”

“बरं वाटलं,” ते म्हणाले, आणि लगेच, “म्हणजे वाईट वाटलं.”

ती मिरीवर चढली. भीती होती तिथेच होती. दहा पावलं चालली, पाय पुढे घेतला, वाकली. आज पट्टा एकदाच निसटला. चौथं भोक.

मग तिने मिरीच्या मानेवर थाप मारली आणि म्हणाली, “जा.”

मिरी जागची हलली नाही. तो शब्द तिच्या ओळखीचा होता, पण बाबांच्या आवाजात. तिने कान मागे वळवले आणि तबेल्याच्या दाराकडे बघत उभी राहिली.

खोगिरावर तीही थोडा वेळ थांबली. मग दोन्ही टाचा हळूच दाबल्या, आणि घोडी निघाली.