पाय लागला

धामकुंडच्या जत्रेची फीत कुणीही कापो, जत्रा सुरू होते ती मी माइकवर दोन शब्द बोललो की. "पाय लागला!" एवढंच. पहिला मान नत्थूजींच्या घरच्या गवळाऊ जातीच्या वळूचा. त्याचा खूर फाटकाच्या आतल्या मातीला टेकला की मी ओरडतो, आणि मग चाळीस गावांची जनावरं आत शिरतात. त्याआधी कुणी शेळीसुद्धा आत नेत नाही. माझा बाप हे दोन शब्द तीस वर्षं ओरडला, मी एक्केचाळीस वर्षं ओरडतोय. बापाच्या काळात माइक नव्हता, पण त्याचा आवाज धाम नदीपार जायचा.

ओरडण्याआधी मी जत्रेचा इतिहास सांगतो. एकशे अकरा वर्षं, अखंड. दुष्काळात भरली. कोरोनाच्या वर्षी पाच माणसं आणि एक वळू एवढ्यावर भरली, पण भरली. 'अखंड' म्हटलं की टाळ्या पडतात. समितीचे अध्यक्ष नत्थूजी तो शब्द दरवर्षी कमानीवर नव्यानं रंगवून घेतात, लाल रंगात. एक वर्ष मात्र मी भरभर ओलांडतो. "पंचावन्न सालीही भरली," एवढं म्हणून पुढं जातो. तेवढं म्हणतानाही मला माझीच लाज वाटते, पण म्हणतो.

यंदा फाटकाशी मेघा उभी होती. गावचीच पोर. बौद्ध वस्तीतल्या श्रावणची नात, शिकून जनावरांची डॉक्टर झालेली, सहा महिन्यांपूर्वी इथंच नेमणूक होऊन आलेली. शेजारच्या तालुक्यात लंपी, जनावरांच्या अंगावर गाठी आणणारी साथ, निघाल्याची कुजबुज होती, म्हणून ती सकाळी सातपासून एकेक जनावर तपासत होती. आमच्या तालुक्यात अजून एकही नव्हतं, म्हणून बंदीचा कागदही नव्हता.

दहा वाजता डफडं वाजवत नत्थूजींचा हरण्या आला. पांढराशुभ्र, शिंगांना गोंडे, पाठीवर आरशांची झूल. मागं त्यांच्याच गोठ्यातली नऊ जनावरं. मेघानं झूल वर केली आणि तिचा हात थांबला.

मान, खांदा आणि पोटाकडं सुपारीएवढ्या आठ-दहा गाठी होत्या. प्रत्येकीवर काळा डाग.

"बिब्बा आहे तो," नत्थूजी म्हणाले. "अंग धरलं होतं त्याचं. परवा बिब्बा लावला."

मेघानं ताप मोजला. "एकशे पाच आहे, नत्थूजी."

"पाच किलोमीटर उन्हातून चालत आला बाई तो. तुमाले चालवलं तर तुमचाबी चढन."

"मग अर्धा तास सावलीत उभा करा. चालल्याचा ताप असन तर उतरन."

वळूला चिंचेखाली नेलं. तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. फाटकाबाहेर बैल, गाई, गोऱ्हे रस्त्यावर दीड-दोन किलोमीटर तुंबले होते. गाड्यांचे हॉर्न, गळ्यातल्या घंटा, पोरांची रडारड. आत पाळणे, घुंगरमाळांची दुकानं, संत्र्याच्या कलमांचे ट्रक, बचत गटाच्या चुली, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. जो तो ओरडत होता, "तानबा, काऊन थांबला रे?" मी काय सांगणार? माशा हरण्याच्या अंगावर बसत होत्या आणि उठून शेजारच्या गाईवर बसत होत्या. लंपीला तेवढंच पुरतं.

अर्ध्या तासानं मेघानं पुन्हा ताप मोजला. एकशे पाच.

"मी वर कळवलं आहे," ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "पण कागद निघेपर्यंत दुपार होईन, काका. तोवर तीन हजार जनावर आत जाईन आन् संध्याकाळी चाळीस गावांत परत जाईन. मी फाटकात आडवी झाली तरी मले उचलून बाजूला ठेवतीन. हे लोक माह्या शब्दानं थांबत नाईत. तुमच्या शब्दानं आत जातात."

"ताप दुसऱ्या कशाचा असन तर?"

"असू शकते. बिब्ब्यानं इतक्या गाठी येतात का, ते मले पुस्तकात शिकवलं नाई. तुमाले माहीत असन."

मला माहीत होतं. बिब्बा आमच्याकडं माणसालाही लावतात आणि जनावरालाही. त्याचं तेल सुजेवर डागायचं. पण डागल्याबरोबर काही होत नाही. दोन दिवसांनी बिब्बा उततो, तेव्हा कुठं कातडी फुगते आणि पाणी सुटतं. मी हरण्याजवळ गेलो आणि मानेवरच्या गाठीवर बोट टेकवलं. काळं बोटाला चिकटलं. ओलं होतं, त्याच सकाळचं. बिब्बा अजून उतलेला नव्हता आणि खालची गाठ मात्र दगडासारखी टणक होती. म्हणजे गाठी आधीच्या, बिब्बा नंतरचा. लपवायला लावलेला. (माझं ते बोट तिसऱ्या दिवशी चांगलंच उतलं, आठवडाभर भाकरी मोडता आली नाही.)

मी माइकच्या मचाणावर चढलो. माझ्या मागोमाग नत्थूजीही चढले, सत्तर वर्षांचा माणूस, धापा टाकत.

"म्हण तानबा. लोक खवळून राह्यले."

"बिब्बा कवा लावला, नत्थूजी?"

"सांगतलं ना, परवा."

मी बोट दाखवलं. ते त्या बोटाकडं बघत राहिले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "चार दिवसांपासून आहे अंगावर. मले काय दिसत नाई? पण माह्याच हातून अखंड तुटावं का रे? आज्यानं नाई तुटू देल्लं, बापानं नाई तुटू देल्लं. तू दोन शब्द म्हण. पाय लागला का मी लगेच त्याले घरी नेतो. कोनाले समजत नाई."

"आन् मागची नऊ?"

नत्थूजी मग एकदम भडकले. "त्या पोरीचं ऐकून राह्यला तू? बारा वाजता आमदार येतात. तिची बदली कुठं होते ते पाह्यजो. आन् पुढच्या साली या मचाणावर कोन राहते तेबी पाह्यजो."

मला राग आला. त्यांचा आला, त्याहून माझा स्वतःचा आला. एक्केचाळीस वर्षं मी जे घाईनं ओलांडत होतो ते आता समोर येऊन उभं होतं, तीच जागा, तेच फाटक, त्याच घराचा वळू. मी माइकचं बटण दाबलं. सगळं मैदान गप्प झालं. बाहेर लोकांनी दावी सोडून हातात घेतली. नत्थूजींचा गडी मोतीलाल हरण्याला फाटकापाशी घेऊन आला. खूर उंबऱ्याच्या दगडावर होता.

"मोतीलाल, मागं घे त्याले," मी म्हणालो. माझा आवाज कर्ण्यांतून मलाच परका वाटला. "ऐका. आज पाय लागणार नाई. वळूले लंपी आहे असं डॉक्टर म्हणते, आन् मीबी म्हणतो. जनावरं घरी न्या, येगळी बांधा."

खालून शिव्या सुरू झाल्या. कुणीतरी चप्पल फेकली, ती कर्ण्याला लागली. नत्थूजींनी माइकची दांडी धरली. मी सोडली नाही.

"मी दरसाली तुमाले इतिहास सांगतो. आज पंचावन्न साल सांगतो. त्या साली बुळकांडीची साथ होती. आपल्या गावची मेलेली ढोरं श्रावण ओढत होता, म्हणून सगळ्यांत आधी त्याले समजलं. तो या फाटकात उभा राह्यला आन् म्हणाला, जनावर आत घेऊ नोका. लोकांनी त्याले काठीनं मारलं. उजवा हात मोडला त्याचा. मग पाय लागला. महिन्याभरात चाळीस गावांचे गोठे खाली झाले, आन् ती ढोरं ओढाले पुन्हा त्यालेच बलावलं, मोडक्या हातानं. पुढच्या साली त्यानं नागपुरात दीक्षा घेतली. पुन्हा ना ढोर ओढलं, ना या जत्रेत पाय ठेवला. याले आपण अखंड म्हणतो."

मग गर्दीतून अनुसयाबाईचा आवाज आला, ऐंशीच्या पुढची बाई. "खरं आहे. माह्या माहेरी दाव्याले एक वासरू नव्हतं उरलं." तिनं आपली गाय वळवली. तिच्यामागं एका गाडीवाल्यानं बैल वळवले, मग दुसऱ्यानं. सगळेच काही समजुतीनं गेले नाहीत, निम्मे मला शिव्या देत गेले. पण गेले.

नत्थूजींनी माइकची दांडी सोडली. खाली उतरून त्यांनी मोतीलालच्या हातून दावं घेतलं आणि स्वतः हरण्याला चिंचेखाली नेऊन बांधलं. झूल काढली, घडी केली आणि तिच्यावरच बसले. कमानीकडं त्यांची पाठ होती. मला त्यांची दया आली, नाही म्हणत नाही.

मेघा मचाणाच्या शिडीवर दोन पायऱ्या चढून उभी होती. हातात थर्मामीटर तसाच.

"काका, आबाजीचा हात वाकडा होता," ती म्हणाली. "आमाले सांगत, जत्रेत बैलानं मारलं. मरेपर्यंत तेच सांगतलं त्यानं. तुमाले कोनं सांगतलं हे?"

"बापानं. मरताना."

"लोकांनी मारलं म्हणाले तुमी. कोन लोक?"

नत्थूजींनी मान वर केली. फाटकाबाहेर अजून तीन-चारशे माणसं होती, गाड्या वळवत. माइकचं बटण चालूच होतं, लाल दिवा माझ्या हाताशीच जळत होता. बंद करायला एक बोट पुरलं असतं.

"लोक नाई, बाई," मी म्हणालो. "एकच होता. माहा बाप. तुह्या आबाजीले बाजूला केलं, आन् त्याच दमात ओरडला, पाय लागला."