गाठोड्यांचं वजन

मार्सेलियानाच्या भावाला जुळी झाली ते वर्ष १९९८. त्याच वर्षी बुएनाव्हेंतुरा बंदरातल्या एका वाहतूक कचेरीत तिला जड कंटेनरांसाठी ट्रक ठरवायचं काम मिळालं, तेही महिनाभर अजमावून बघण्यापुरतं. महिना संपत आला आणि उसाच्या चरकाचे लोखंडी रूळ भरलेला एक कंटेनर घाटावर धाडायची वेळ आली. परवाना बावन्न टनांचा आणि त्याच दिवसापुरता.

"वजनकाट्यावर अडला, तर उद्यापासून पुन्हा पहिल्यासारखी फाटकावर गाड्यांचे नंबर लिहीत बस," साहेबांनी सांगून टाकलं होतं.

तिने सहा आसांचा ट्रक निवडला. कंटेनर, डिझेल, साखळदंड, ताडपत्री, एलादिओ काका ड्रायव्हरांचं सुटलेलं पोट, सगळं मोजलं. बेरीज आली एकावन्न टन नऊशे किलो. कागद घेऊन ती पिकअपमधून ट्रकच्या मागोमाग निघाली.

घाटाच्या पायथ्याशी काट्याने बावन्न टन दोनशे चाळीस दाखवले.

"काका, केबिनमध्ये काय आहे?"

"काही नाही गं. थोडीशी गाठोडी."

बंदरातून वर जाणाऱ्याच्या हाती सगळी गल्ली आपापल्या नातेवाइकांसाठी काहीबाही देते, आणि नाही म्हणायची रीत नाही. मार्सेलियाना त्याच गल्लीत वाढलेली, तरी नेमकं हेच मोजायचं राहिलं. तिने दार उघडलं. नारळाची पोती, सुके मासे, एक शिवणयंत्र. मागच्या बाकावर शेजारची ओफेलिया मावशी पाय पसरून बसलेली.

"मावशी, तुम्ही पण गाठोडंच का?"

"मला बस लागते. आणि आधी ते मोठं पोतं बघ, मग मला बोल."

पोत्यावर मार्सेलियानाच्या आईचं नाव होतं.

"घरचाच माल म्हणायचा," काटेवाला म्हणाला.

मार्सेलियानाने बाह्या वर सारल्या. पोती, मासे, यंत्र, सगळं पिकअपमध्ये गेलं. मावशी कुरकुरत त्याच पिकअपमध्ये पुढे बसली. ट्रक पुन्हा काट्यावर चढला. एकावन्न टन नऊशे. शिक्का बसला.

नोकरी कायम झाली. पुढे प्रत्येक बेरजेत ती ड्रायव्हरच्या खाली गाठोड्यांचा रकाना आखी आणि गल्लीत घरोघरी विचारून भरी.

"पोरीने मावशीलाही वजन विचारलं," एलादिओ काका सांगत सुटले होते. "मावशीने वीस किलो कमीच सांगितलं."

ओफेलिया मावशी २००४ च्या मार्चमध्ये वारली. एलादिओ काका २०११ च्या ऑगस्टमध्ये गेले.