मागून पाच इंच खाली

“बूड बसलंय हिचं,” मर्ना हेल्मेटातल्या हेल्मेटात कुरकुरली. “वहिनी, ही गाडी आहे की आरामखुर्ची?”

मर्ना माझी नणंद, वय एक्कावन्न. मोंटानातल्या आमच्या टेकडीच्या शर्यतीत गेल्या जुलैत ती माथ्याच्या जरा खालीच एटीव्हीसकट, म्हणजे जाड टायरांच्या चारचाकी डोंगरगाडीसकट, उलटली आणि गळ्याचं हाड मोडून बसली. यंदा माथा गाठला नाही तर गाडी विकणार, असं तिनं सांगून टाकलं होतं. पडल्याचं खापर घरात सगळ्यांनी मातीवर फोडलं. भुसभुशीत होती म्हणे.

त्या शर्यतीआधी माझ्या नवऱ्यानं, ऑरिननं, गाडीला सहा इंच लांब स्विंगआर्म बसवला होता. म्हणजे मागची चाकं धरणारा दांडा. चाकं मागे सरकली की गाडी सहजी उलटत नाही, हे खरंच. पण दांडा लांबला की स्प्रिंगवरचा त्याचा जोरही वाढतो, आणि स्प्रिंग जुनीच होती. हिवाळ्यात ऑरिन घरी नसताना मी मर्नाला गाडीवर बसवून मोजायचा टेप लावला. मागून पाच इंच खाली, नाक वर! नाक वर म्हणजे पुढची चाकं हलकी, हँडल ऐकेना. चढावर तर उलटायचं आमंत्रणच.

बोलले मात्र नाही. वीस वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याला पाने-पकडी देता देता शिकलेली बाई काय बोलणार? गुपचूप कडक स्प्रिंग मागवली.

“खाण्याच्या कूलरमध्ये स्प्रिंग कशाला?” शर्यतीच्या सकाळी, मर्नाची कुरकुर चालू असतानाच, बटाट्याच्या सॅलडखालून ती उपसत ऑरिननं विचारलं.

“सॅलड ढिलं पडतं म्हणून.”

“दादा, हस की जरा!” मर्ना म्हणाली.

तो हसला नाही. स्प्रिंग हातात तोलली, गाडीच्या बसलेल्या बुडाकडे पाहिलं आणि म्हणाला, “पाना दे.”

तासाभरात मर्ना पुन्हा बसली. आता गाडी दोनच इंच दबली. “अगं वहिनी, हँडल जागं झालं!”

दुपारी तिचा नंबर लागला. अर्ध्या चढावर दगड आडवा आला. तिनं वळवलं आणि गाडी वळली. मग गेल्या साली पडली होती ती जागा आली. पुढची चाकं वीतभर उठली, पुन्हा टेकली, मातीत रुतली आणि मर्ना माथ्यावर! मी ऑरिनच्या पाठीत आनंदानं असा गुद्दा घातला की त्याची टोपी उडाली.

ती खाली आली तेव्हा सगळे तिच्याभोवती. “यंदा माती चांगली होती हो,” कुणीतरी म्हणालं.

“मातीला काय धाड भरली होती!” ऑरिन म्हणाला. “गेल्या साली तुला मी पाडलं, मर्ना.”